पीएचडी करून काय दिवे लावणार? हा बघा एक दिवा

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपवर चर्चा चालू असताना, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल सभागृहात आला होता. गदारोळ झाला, बातम्या झाल्या, आठवड्याभरात विषय संपला. प्रश्न मात्र संपला नाही. तो आजही चहाच्या टपरीवर आहे, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडात आहे आणि मंत्रालयातल्या फायलींवर तर आहेच आहे.

म्हटलं, या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट द्यावं. आणि उदाहरण असं घ्यावं की ऐकल्याबरोबर कोणीही म्हणेल, "हे काय फालतू!"

आमच्या तालुक्यातली एक मुलगी युरोपात एका विद्यापीठात पोस्टडॉक करते. म्हणजे पीएचडी झाली, पण कायमची नोकरी नाही. दोन वर्षांच्या करारावर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. नाव लिहू नका म्हणाली, म्हणून लिहीत नाही. फोनवर तिला विचारलं, तू नेमकं करतेस काय? ती म्हणाली, "दादा, मी पाण्यात इलेक्ट्रॉन सोडते आणि तो कुठे जातो ते लेसरने बघते."

बस्स. एवढंच काम. पाण्यात इलेक्ट्रॉन सोडायचा आणि बघायचं.

आता हसायच्या आधी पुढचं वाचा.

इलेक्ट्रॉन पाण्यात पडला की काय होतं?

अणूतला सगळ्यात हलका, सगळ्यात चपळ कण म्हणजे इलेक्ट्रॉन. जगातलं सगळं रसायनशास्त्र म्हणजे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण. गंज चढणं, बॅटरी चालणं, आपण श्वास घेणं, सगळीकडे तोच. पण बहुतेक वेळा तो कोणत्या ना कोणत्या अणूच्या किंवा रेणूच्या दावणीला बांधलेला असतो. तो मोकळा सुटून पाण्यात आला तर? पाण्याचे रेणू त्याच्याभोवती वळतात, त्याला जागा करून देतात, आणि तो पाण्यातल्याच एका चिमुकल्या पोकळीत बसतो. याला म्हणतात जलयोजित इलेक्ट्रॉन.

असा सुटा इलेक्ट्रॉन द्रवात राहू शकतो याचा पहिला पुरावा पाण्यात नाही, अमोनियात मिळाला. हम्फ्री डेव्हीने १८०७-०८ च्या सुमारास पोटॅशियम आणि अमोनिया एकत्र केल्यावर सुंदर निळा रंग दिसल्याचं वहीत टिपून ठेवलं होतं. तो निळा रंग सुट्या इलेक्ट्रॉनचा आहे हे कळायला शंभर वर्षं लागली. पाण्यात तो पकडायला आणखी वेळ गेला. १९६२ मध्ये एडविन हार्ट आणि जॅक बोग या दोघांनी पाण्यावर वेगवान इलेक्ट्रॉनचा एक झटका मारला आणि त्याच क्षणी त्यातून प्रकाश सोडून बघितलं. साधारण ७२० नॅनोमीटरला, म्हणजे लाल रंगाच्या टोकाला, प्रकाश गिळला जात होता. लाल गिळला की उरतो निळा. पाणी क्षणभर निळं होत होतं. क्षणभर म्हणजे किती? शुद्ध पाण्यातसुद्धा सेकंदाचे काही लाखांश भाग.

पण खरा खेळ त्याच्याही आधीचा आहे. इलेक्ट्रॉन सुटल्यापासून पोकळीत स्थिरावेपर्यंतचा वेळ सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका, म्हणजे एक पिकोसेकंदाच्या आसपास. त्यातल्या पायऱ्या फेमटोसेकंदात मोजाव्या लागतात. एक फेमटोसेकंद म्हणजे किती लहान? एका सेकंदाच्या मानाने तो तेवढाच, जेवढा ३ कोटी १७ लाख वर्षांच्या मानाने एक सेकंद.

मग हे बघतात कसं?

मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर वेगवान कॅमेरा असणार. तसं नाहीये. साधा कॅमेरा इतका वेगवान नसतो. युक्ती वेगळी आहे आणि आपल्यासारख्यालाही कळेल इतकी सोपी आहे.

लेसरचे दोन अतिसूक्ष्म झटके घ्यायचे. पहिला पाण्याच्या बारीक धारेवर मारायचा, तो रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. दुसरा थोड्या वेळाने पाठवायचा, तो आत काय चाललंय ते बघून येतो. आता "थोडा वेळ" म्हणजे काही फेमटोसेकंद, तो साधायचा कसा? तर दुसऱ्या झटक्याला लांबच्या रस्त्याने पाठवायचं! प्रकाश एका फेमटोसेकंदात ०.३ मायक्रोमीटर जातो. आरसा एक मिलिमीटर मागे सरकवला की जाऊन-येऊन दोन मिलिमीटर रस्ता वाढतो आणि झटका साडेसहा पिकोसेकंदांहून थोडा जास्त उशिरा पोचतो. आरसा केसाच्या जाडीहूनही कमी सरकवायचा, मोजायचं, परत सरकवायचं, परत मोजायचं. असं हजारो वेळा. धार वाहती, कारण प्रत्येक झटक्याला ताजं पाणी पाहिजे. मग सगळी मोजमापं ओळीने लावली की त्या इलेक्ट्रॉनचा जणू सिनेमा तयार होतो.

पाण्यात हे पहिल्यांदा १९८७ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी करून दाखवलं. १९९९ मध्ये अहमद झेवैल या इजिप्तमध्ये जन्मलेल्या माणसाला फेमटोसेकंदांच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं. २०१८ मध्ये डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांना मिळालं ते असे जोरदार, अतिलहान लेसर झटके तयार करण्याच्या पद्धतीसाठी. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तर याहूनही कितीतरी लहान झटक्यांसाठी. म्हणजे हा काही कोपऱ्यातला छंद नाही.

आमची मुलगी रात्री दोनला लेसरचे आरसे जुळवत बसते. खोलीचं तापमान अर्धा अंश इकडेतिकडे झालं की दोन झटक्यांची गाठ चुकते. कधी आठवडाभर काहीच मिळत नाही. आणि गावातले विचारतात, "अजून शिकतेच का गं ती?"

याचा उपयोग काय? आता ऐका.

पहिली गोष्ट, कॅन्सर. आमच्या कोकणातून दर आठवड्याला कोणीतरी पेशंट घेऊन परळला टाटाला जातो. तिथे रेडिएशन देतात, ज्याला गावाकडे "शेक दिला" किंवा "लाइट दिली" म्हणतात. ते किरण कॅन्सरच्या पेशीत शिरून काय करतात? पेशीत बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे किरणांचा मार बसतो तो आधी पाण्यावर. पाण्याचे रेणू फुटतात, इलेक्ट्रॉन सुटतात, हायड्रॉक्सिलसारखे आगाऊ तुकडे तयार होतात, आणि पेशीतल्या डीएनएच्या नुकसानीचा मोठा वाटा हेच उचलतात. २००० साली कॅनडातल्या शेरब्रूक इथल्या लेऑन सांश यांच्या गटाने दाखवलं की अगदी कमी ऊर्जेचे, ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉनसुद्धा डीएनएचे धागे तोडू शकतात. तोवर समज होती की इतक्या दुबळ्या इलेक्ट्रॉनच्या हातून काही होत नाही. तेव्हापासून प्रश्न उभा आहे: पेशीतल्या पाण्यात हे नेमकं कधी घडतं? इलेक्ट्रॉन स्थिरावण्याआधी की नंतर? याचं उत्तर मिळालं तर पेशंटला कमी किरण देऊन तेवढाच गुण आणणारी औषधं शोधता येतील. उत्तर मिळणार कुठे? त्या दोन लेसर झटक्यांच्या मधल्या वेळात.

दुसरी गोष्ट आमच्या घरासमोरची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाने हे लिहिलंच पाहिजे.

इटलीत व्हिचेंझा प्रांतात त्रिस्सिनो नावाच्या गावी एक रसायनांचा कारखाना होता. तिथे पीफास नावाच्या गटातली रसायनं तयार व्हायची. न चिकटणारा तवा, न भिजणारं कापड, आग विझवायचा फेस, यांत ती वापरतात. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट की निसर्गात तो सहजी तुटत नाही, म्हणून जगभर यांना "कायमची रसायनं" म्हणतात. त्या कारखान्याने भूजल नासलं, साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जणांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. आणि त्या कारखान्याची यंत्रसामग्री? ती लिलावात भारतीय उद्योगाने घेतली आणि जहाजाने आली आमच्या लोटे परशुरामच्या एमआयडीसीत.

इथे काय होईल यावर मी आज निकाल देत नाही. कंपनीचं म्हणणं आहे की सगळं नियमांत आहे. ठीक. पण दाभोळ खाडीत मासे मेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतायत, आणि माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालातही लोट्याचा वेगळा विचार करावा लागला होता. तेव्हा आम्हा लोकांना विचारायचा हक्क आहे: उद्या हे रसायन पाण्यात सापडलं तर काढणार कसं?

उकळून जात नाही. क्लोरीनने जात नाही. ओझोन मारून त्यातली मुख्य रसायनं तुटत नाहीत. कोळशाच्या गाळणीत अडकतं, पण मग तो कोळसा टाकायचा कुठे? घाण पाण्यातून कोळशात गेली, संपली नाही. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये यातल्या दोन मुख्य रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. म्हणजे २५ कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. तालुक्याच्या पाणी तपासणीत क्षार, पीएच आणि जंतू बघतात, तिथे हे मोजायचं यंत्रच नसतं.

आणि कार्बन-फ्लोरिनचा तो बंध तोडू शकणाऱ्या मोजक्या गोष्टींत एक आहे आपला जलयोजित इलेक्ट्रॉन! पाण्यात सल्फाइटसारखं साधं रसायन टाकून अतिनील दिवा लावला की असे इलेक्ट्रॉन तयार होतात. ते त्या बंधावर झडप घालतात, फ्लोरिन सुटून फ्लोराइड होतं. प्रयोगशाळांत हे झालेलं आहे. अडचणी आहेत, लपवत नाही. पाण्यातला ऑक्सिजन आणि नायट्रेट हे इलेक्ट्रॉन आधीच खाऊन टाकतात. वीज बरीच लागते. काही रेणू लवकर तुटतात, काही दाद देत नाहीत. का देत नाहीत? इलेक्ट्रॉन कोणत्या क्षणी कुठे जाऊन बसतो म्हणून? हाच तो "फालतू" प्रश्न, जो युरोपातल्या अंधाऱ्या खोलीत आमची कंडक्टरची मुलगी आरसे सरकवून सोडवतेय.

अतिनील दिव्याने लागतो तो उजेड. आता म्हणा, काय दिवे लावणार!

"पण मग चीन करेल, आपण विकत घेऊ"

असं म्हणणारेही भेटतात. चीनने केलंच आहे. २०२० मध्ये ग्वांगडोंग प्रांतात जियांगमेनला कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं दिवसाला ३ कोटी लिटर सांडपाणी इलेक्ट्रॉनच्या झोताने साफ करायची यंत्रणा सुरू झाली. इचलकरंजीकरांनी आणि भिवंडीकरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पण यंत्र विकत मिळतं, अक्कल विकत मिळत नाही. आपल्या पाण्यात क्षार वेगळे, गाळ वेगळा, पावसाळ्यातलं पाणी वेगळं आणि मे महिन्यातलं वेगळं. ते यंत्र इथे कसं चालवायचं, हे सांगायला ज्याने आयुष्याची दहा वर्षं या इलेक्ट्रॉनच्या मागे घालवली असा माणूस इथेच लागतो.

बरं, आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पाण्यावर इलेक्ट्रॉनचे झटके मारून अभ्यास करण्याची जुनी परंपरा आहे. खारघरला त्यांचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातही असा अभ्यास करणारं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लेसरचं काम जगाच्या तोडीचं चालतं. म्हणजे पाया आहे. अडचण पायाची नाही, माणसं टिकवण्याची आहे.

जरा आकडे बघा. २०२०-२१ मध्ये संशोधनावर देशाचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के. चीन २ टक्क्यांच्या वर, दक्षिण कोरिया ४ टक्क्यांच्या वर. २०२३ मध्ये नवीन राष्ट्रीय संशोधन फाउंडेशनचा कायदा झाला, पाच वर्षांत ५० हजार कोटी म्हणून गाजावाजा झाला, पण त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा आहे. जानेवारी २०२३ पासून पीएचडीनंतरच्या रिसर्च असोसिएटचं पहिल्या पायरीचं मानधन ४७ हजारांवरून ५८ हजार झालं, वर घरभाडं. काही जण म्हणतील, मग काय वाईट आहे? वाईट हे की माणूस तिशी ओलांडलेला असतो, करार वर्षा-दोन वर्षांचा, पुढच्या वर्षी काय याचा पत्ता नाही. मानधन महिनोन्महिने अडकल्याच्या तक्रारी तर नेहमीच्याच. घरभाडं मात्र कोणता घरमालक तीन महिने थांबतो?

आणि परत आल्यावर? राज्यातल्या विद्यापीठांत, कॉलेजांत जागा रिकाम्या. त्यांवर तासिका तत्त्वाचे प्राध्यापक. तासाच्या हिशोबाने पैसे, सुट्टीत शून्य. फेमटोसेकंद मोजणाऱ्या पोरीला आपण अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासाने मोजणार.

मी तिला विचारलं, परत येशील? ती म्हणाली, "यायचंय ना दादा. पण कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देता येतंय का?

आता मुद्द्याचं

एक प्रामाणिक आक्षेप असतो, तोही घेऊ. शाळेचं छप्पर गळतंय, आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, तिथे लेसर कसले? आक्षेप खोटा नाही. पण आरोग्य केंद्र आणि प्रयोगशाळा एकमेकांच्या ताटातलं खात नाहीत. दोघांच्या ताटातलं तिसराच खातोय. आणि खाडीकाठच्या भोयाला उद्या मासा मिळणार की नाही, हा गरिबाचाच प्रश्न आहे. श्रीमंत माणूस बाटलीतलं पाणी आणेल. विहिरीचं पाणी पिणाऱ्याला विज्ञान जास्त लागतं.

संशोधनाच्या नावाखाली कॉपी-पेस्टचे प्रबंध होतात, हेही खरं. ते पकडा, पदव्या काढून घ्या. पण बोगस बियाणं निघालं म्हणून कोणी पेरणी बंद करतं का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे.

एक, संशोधकांचं मानधन पगारासारखं दर महिन्याला ठरल्या तारखेला मिळालं पाहिजे. यात धोरण बदलायची गरज नाही, फक्त फाइल हलवायची आहे.

दोन, विद्यापीठांतल्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा. परदेशातून येणाऱ्या मुलांसाठी नुसता सत्कार नको, प्रयोगशाळा द्या.

तीन, ज्या एमआयडीसीत अशी रसायनं तयार होणार, तिथे परवानगी देतानाच लेखी विचारा: हे पाण्यात मोजणार कोण, कुठे, आणि नष्ट कोणत्या पद्धतीने करणार? उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा. आणि त्या तपासणीसाठी जिल्ह्यातल्याच विज्ञान शाखेच्या पोरापोरींना तयार करा.

चार, हे आपल्यासाठी. पुढच्या वेळी गावात कोणी पीएचडी, पोस्टडॉक करणारं भेटलं तर "नोकरी कधी?" याच्या आधी "काम काय करतेस?" एवढं विचारा. आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.

१९६२ मध्ये हार्ट आणि बोग यांना कोणी विचारलं असतं, पाणी क्षणभर निळं दिसलं, पुढे काय? तर त्यांना लोटे परशुराम सांगता आलं नसतं. पीफास नष्ट करायचा प्रश्नच तेव्हा कोणी विचारत नव्हतं. उत्तर मात्र साठ वर्षं आधी शोधून ठेवलं गेलं होतं. विहीर अशीच खणतात, तहान लागायच्या आधी.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर का नाही ते सांगा, त्यावरही बोलू. लोटे, खेड, चिपळूण, दाभोळ परिसरातल्या मंडळींनी तिसरा मुद्दा आपल्या ग्रामसभेत नक्की मांडा. ग्रामसभेचा ठराव लेखी असतो.